चौकटीतला खाडा

गेल्या महिन्यात एका रविवारी दीड हजार रुपये भरून मी फोटोग्राफीच्या सेमिनारला जाऊन आलो. मंगल कार्यालयाचा वरचा हॉल, खुर्च्यांवर आदल्या दिवशीच्या रिसेप्शनची सॅटिनची कव्हरं, नाश्त्याला उपमा आणि गळ्यात कॅमेरे अडकवलेली साठ-सत्तर माणसं. विषय कॉम्पोझिशनचा. वक्ते मृदू, अभ्यासू, वेळ पाळणारे. त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही. माझं भांडण त्यांनी सात तास जे शिकवलं त्याच्याशी आहे, आणि त्याहून जास्त, परतताना गाडीत माझ्या मित्रानं त्याची जी वकिली केली तिच्याशी. मित्र म्हणाला, "अरे, नियम आधी शिकायचे असतात. मग मोडायचे." हे वाक्य फोटोग्राफीच्या जगात आरतीसारखं म्हटलं जातं, आणि आरती चालू असताना कोणी मध्येच अर्थ विचारत नाही. मी विचारतो.

आधी काय शिकवलं ते सांगतो. पडद्यावर एक फोटो यायचा आणि त्यावर चार पांढऱ्या रेषा उमटायच्या, दोन उभ्या, दोन आडव्या. रेषा एकमेकींना छेदतात ते चार बिंदू महत्त्वाचे. सब्जेक्ट त्यातल्या एकावर हवा, मधोमध ठेवलात तर फोटो मेला. क्षितिज मध्यातून जाऊ द्यायचं नाही. धावणाऱ्याच्या पुढे जागा सोडायची. वस्तू तीन घ्या किंवा पाच घ्या, चार नकोत. रस्ता, कुंपण, रूळ दिसला की त्याची 'लीडिंग लाइन' करायची, म्हणजे बघणाऱ्याची नजर आपण म्हणू तिथं जाते. लोक भराभर उतरवून घेत होते. माझ्या शेजारच्या काकांनी 'तीन किंवा पाच' याखाली दोनदा रेघ मारली. ताटात पाचवी पुरी वाढून घेताना त्यांना ती रेघ आठवली असेल का, असा एक क्षुद्र विचार माझ्या मनात जेवणाच्या सुट्टीत येऊन गेला.

या 'एक तृतीयांशा'चं गोत्र जरा काढून बघावं. हे नाव छापलेलं सापडतं ते १७९७ सालच्या एका इंग्रजी पुस्तकात. लेखक जॉन थॉमस स्मिथ, धंद्यानं चित्रकार आणि ताम्रपटावर कोरीवकाम करणारा, विषय खेड्यापाड्यांतल्या झोपड्यांची दृश्यं. त्या वर्षी इकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाला गादी मिळून जेमतेम काही महिने झाले होते, आणि डागेरच्या फोटो काढण्याच्या प्रक्रियेची घोषणा व्हायला अजून ४२ वर्षं होती. जोशुआ रेनॉल्ड्सनं चित्रातल्या उजेड-अंधाराच्या प्रमाणाबद्दल काही म्हटलं होतं, त्याचा धागा पकडून स्मिथनं सुचवलं की आकाश दोन भाग घ्या, जमीन एक भाग घ्या, किंवा उलट, पाणी-जमिनीचंही तसंच. नावही बिचाऱ्यानं परवानगी मागितल्यासारखं, संकोचून दिलं. त्याचं म्हणणं किती घ्यावं याबद्दल होतं. चार बिंदू, त्यांवर ठेवलेला डोळा, मध्याला घातलेला बहिष्कार ही सगळी पुढच्यांनी चढवलेली फुलं.

सुवर्ण गुणोत्तराबद्दल तर न बोललेलंच बरं, पण थोडं बोलतो. तृतीयांश म्हणजे सुवर्ण गुणोत्तराचंच सोपं रूप, असं वक्ते म्हणाले. १.६१८ या प्रमाणानं रेष आखली तर ती कडेपासून ३८ टक्क्यांच्या जरा पुढे पडते, तृतीयांशाची ३३ वर. बारा इंच रुंद प्रिंटवर हा फरक अर्ध्या इंचाहून जास्त होतो. शिंप्यानं बाहीत अर्धा इंच मारला तर आपण सदरा परत करतो. मग त्यांनी गोगलगाईच्या शंखासारखं ते वळण फोटोंवर ठेवून दाखवलं. ते चारही कोपऱ्यांतून सुरू करता येतं आणि दोन्ही बाजूंनी वळवता येतं, म्हणजे आठ तऱ्हा झाल्या. आठांतली एक कुठंतरी बसणारच. घटना घडून गेल्यावर कुंडली जुळवून दाखवणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. तीच विद्या ही.

दुपारी परीक्षणाचं सत्र होतं. प्रत्येकानं एक फोटो आणायचा होता. माझा फोटो असा: स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बाबा बसले आहेत, बरोबर मध्यावर. मांडीवर पेपर. डोक्यामागे भिंतीला कालनिर्णय, शेजारी विजेच्या मीटरची पेटी. उजव्या कडेतून आईचा हात आत आला आहे, फक्त कोपरापर्यंत. दोन हिरव्या बांगड्या, बशी, बशीत कप. बाबांनी हात पुढे केला आहे, पण मान पेपरातच आहे. पंचेचाळीस वर्षांत त्यांना चहा कुठून येतो ते बघायची वेळ आलेली नाही, आणि आईला द्यायला हाक मारायची. माझ्या लेखी फोटो आहे तो या न बघण्याचा.

वक्त्यांनी तो पडद्यावर घेतला. "मोमेंट छान आहे," म्हणाले. "पण सब्जेक्ट मध्यावर आहे, मागे पसारा आहे, आणि हा हात कडेला तुटलाय. नजर तिथून बाहेर पळते." माउस सरकला. उजवी बाजू गेली, वरचा भाग गेला. बाबा अलगद उजव्या तृतीयांशावर येऊन बसले, डोळा बिंदूवर. कालनिर्णय नाही, मीटर नाही, आई नाही. "आता बघा, किती स्वच्छ!" सभागृहानं टाळ्या वाजवल्या. पडद्यावर माझे वडील हवेत हात पसरून बसले होते. कशासाठी, ते आता कोणालाच कळणार नव्हतं.

मी काही बोललो नाही. पहिल्या रांगेत बसून वाद घालायचा माझा पिंड नाही. म्हणून तर हे लिहितोय.

गाडीत मित्रानं गाण्याचा दाखला काढला. तो लहानपणी पाच वर्षं गाणं शिकला आहे, त्यामुळे हे हत्यार त्याच्या कमरेला कायमच असतं. "सरगम, पलटे न घोटता कोणी ख्याल गातो का?" नाही गात. पण दोन गोष्टींची गल्लत होते आहे. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. ते लावलेत तर भूप बिघडत नाही, तो भूपच राहत नाही. तीनतालात सोळा मात्रांनी सम येते. ती चुकली तर ऐकणाऱ्याची मान अर्ध्यात अडते. हे नियम त्या गोष्टीच्या हाडामांसात आहेत. माणूस मध्यावर बसवला तर फोटो फोटो राहायचा थांबतो का? अजिबात नाही. तृतीयांशाला षड्जाच्या पंगतीला बसवणं हा षड्जाचा अपमान आहे.

दाखलाच हवा असेल तर भाषेचा घ्या. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण छापून आलं १८३६ साली. तोवर ज्ञानेश्वरीला जवळजवळ साडेपाचशे वर्षं होऊन गेली होती. ज्ञानेश्वरांनी दादोबा आधी शिकून मग मोडले नाहीत. लोक बोलत आले, लिहीत आले, आणि पुष्कळ नंतर कोणी तरी बसून त्यातले नियम टिपले. चांगल्या फोटोंवर मागाहून आखलेल्या रेषाही अशाच टिपणवहीतल्या. त्या टिपणवहीचा कच्चा माल म्हणून वापर करायचा, यात गाडी बैलापुढे जोडल्याचं कोणाला दिसत नाही.

मित्रानं मग हुकमाचं पान टाकलं: आँरी कार्तिए-ब्रेसाँ. मान्य. हा माणूस भूमितीचा वेडा होता. आंद्रे ल्होत या चित्रकाराच्या हाताखाली शिकला आणि चौकटीतला तोल त्याच्या अंगात मुरला. पण एका रविवारी उपमा खाऊन नव्हे. आणि त्याचाच १९३२ सालचा, पॅरिसच्या सेंट-लाझार स्टेशनामागचा फोटो आठवा. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतो आहे, टाच पाण्याला टेकायला केसभर उरलं आहे. तो उजवीकडे झेपावतो आणि आहेही उजव्याच कडेशी. पुढे जागा सोडा, हा नियम तिथं चक्क पाण्यात बुडाला आहे. ती पुढची जागा नाही म्हणूनच आपला श्वास अडकतो. मागच्या भिंतीवरच्या पोस्टरात एक नर्तकी उलट्या दिशेला तशीच झेपावलेली आहे. हे सगळं ग्रिड लावून सापडत नाही. कुंपणाच्या फटीतून कॅमेरा घातलेला असतो आणि फळीचा भाग चौकटीत आल्यानं पुढे कापावा लागतो. तो फोटो कापलेला आहे. एरवी कापाकापीला त्याचा ठाम विरोध होता.

किंवा घरचं उदाहरण. जे. जे.मध्ये शिकलेल्या होमाय व्यारावाला यांच्या हातात पुष्कळदा रोलायफ्लेक्स असायचा. त्याची चौकट चौरस, बघायचं वरून खाली मान घालून, आणि काचेवर डावं ते उजवं दिसणार. एका रोलमध्ये बारा फोटो. पुढाऱ्यांच्या गर्दीत, धक्के खात, उलट्या दिसणाऱ्या चौकटीत फाळणीच्या काळातली दिल्ली टिपणाऱ्या बाईंना कोणी चार बिंदू विचारले असते तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं, याची कल्पना करून मला बरं वाटतं. रघुबीर सिंग यांच्या रंगीत फोटोंत तर खांब, दाराच्या चौकटी, दुकानांच्या काचा दृश्याचे सरळ तुकडे करतात. अँबेसिडर गाडीची दारं नि खिडक्या चौकटीत घेऊन त्यांनी अख्खं पुस्तक केलं. आमच्या सेमिनारात त्यांतल्या प्रत्येक खांबाला 'अडथळा' म्हणून बाहेर काढलं असतं.

मध्याचा हा तिटकारा आपल्याकडे आला तरी कुठून? आपली नजर मध्यावर पोसली गेली आहे. गाभाऱ्यात देव मध्ये. वारली लग्नचौकात पालघट देवी मध्ये. गावोगावच्या स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे जी जोडपी उभी राहिली ती मधोमध, आणि पायांसकट. माझ्या आजीला एकदा मी कमरेपर्यंतचा फोटो काढून दिला तर तिनं विचारलं होतं, "माझे पाय कुठं ठेवलेस?" तो प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. आख्खं माणूस, समोरून, मध्यावर, ही सुद्धा बघण्याची एक पक्की रीत आहे. गंमत म्हणजे सेमिनार संपल्यावर ग्रुप फोटो झाला तेव्हा वक्ते कुठं बसले? पहिल्या रांगेत, बरोबर मधल्या खुर्चीवर, दोन्ही बाजूंना सहा-सहा माणसं. कोणी सांगावं लागलं नाही. मानाचं माणूस मध्ये बसतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि फोटो त्या मानाचाच होता.

नजर चार बिंदूंकडे आपोआप जाते, रेषांवरून घरंगळत सब्जेक्टपाशी पोचते, हेही फार शास्त्रीय आवाजात सांगितलं जातं. आल्फ्रेड यार्बुस नावाच्या रशियन संशोधकानं माणसाची नजर चित्रावर कशी फिरते ते नोंदवलं होतं. त्याचं पुस्तक १९६७ साली इंग्रजीत आलं. रेपिनचं एक चित्र: बऱ्याच काळानं एक माणूस घरात पाऊल टाकतो आणि घरचे चमकून बघतात. यार्बुसनं तेच चित्र, त्याच माणसाला, वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवलं. या कुटुंबाची सांपत्तिक स्थिती कशी असेल, असं विचारलं की नजर सामानावर, कपड्यांवर. यांची वयं सांगा म्हटलं की चेहऱ्यांवर. रेषा त्याच, बिंदू तेच, नजरेची वाट दर वेळी वेगळी. नजर प्रश्नाच्या मागे जाते. मग फोटोत काय विचारायचं आहे हे आधी ठरवायला शिकवा की! सात तासांत हे एकदाही निघालं नाही. सब्जेक्ट कुठं ठेवायचा यावर पंचवीस स्लाइड झाल्या. सब्जेक्ट कोणता, हे गृहीतच होतं. माझ्या फोटोत ते बाबा आहेत असं त्यांनी परस्पर ठरवलं, आणि पुढची सगळी कापाकापी मग तर्कशुद्धच होती.

आमच्या गावात एक लग्नाचे फोटो काढणारे होते. कॉम्पोझिशन हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. अंतरपाट खाली येतानाचा फोटो मात्र त्यांच्यासारखा कोणाला साधला नाही. कॉलेजात असताना त्यांचा जादा फ्लॅश धरायला मी दोन सीझन गेलो. शेवटच्या मंगलाष्टकाला ते जागा सोडायचे आणि नवरीच्या मामांच्या खांद्यामागे जायचे. का? कारण भटजींचा अंतरपाट ओढणारा हात त्या बाजूनं आड येत नाही. कारण अक्षता पडतात तेव्हा भिंगाजवळच्या दाण्यांवर फ्लॅश पडून त्यांचे लाडवाएवढे पांढरे ठिपके होतात, आणि मामांच्या आडोशाला ते कमी येतात. आणि कारण, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, "अंतरपाट गेला की नवरा नवरीकडं बघतो, नवरी खाली बघते, आन् मग एकदाच चोरून वर. ते एकदाच धरायचं." कुठं उभं राहायचं ते त्यांना काय घडणार आहे यावरून कळत होतं. चौकट त्यांच्या पायांत होती. याला मी रचना म्हणतो. हे शिकवता येतं, पण स्लाइडवर बसत नाही.

मग सेमिनार नियमच का विकतात? मला वाटतं, विकण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही म्हणून. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, त्या काळात काचेवर ओला लेप द्यायचा आणि तो वाळायच्या आत फोटो काढून धुऊन मोकळं व्हायचं. शिकवायला खरोखर विद्या होती, हात काळे होत होते. पुढे रोल आला, एक्सपोजरचं गणित आलं, डार्करूम आली. आता ते सगळं कॅमेऱ्याच्या पोटात गेलं. फोकस तो धरतो, उजेड तो मोजतो. शिक्षकाच्या हाती कॉम्पोझिशन तेवढं राहिलं, आणि तेही रविवारी दहा ते पाचमध्ये बसवायचं तर गोळ्या करूनच द्यावं लागतं. अडचण अशी की या गोळ्याही फोननं गिळल्या आहेत. ग्रिड त्यात आहेच. काही फोन तर जरा डावीकडे व्हा म्हणून सुचवतातही.

दुसरं गिऱ्हाईक स्पर्धांचं. परीक्षकासमोर एकामागून एक शेकडो फोटो येतात, एकेकाला काही सेकंद मिळतात. तिथं स्वच्छ, एका झटक्यात कळणारा, तृतीयांशावर बसलेला फोटो गुण घेऊन जातो यात नवल नाही. याचा परिणाम बघायचा तर माउलींची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी डोंगराच्या उतारावर जाऊन उभं राहावं. वळणदार रस्ता, त्यात माणसांचा ओघ, आणि वर ओळीनं लावलेली ट्रायपॉडं. दर वर्षी तोच इंग्रजी एस. मी स्वतः तो तीनदा काढला आहे, तिन्ही फोटो एकमेकांचे जुळे भाऊ. खाली रस्त्याच्या कडेला एक बाई डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून चुंबळ नीट करत होती. एक तरुण तिला म्हणाला, "मावशी, जरा डावीकडं घ्या ना." ती म्हणाली, "डावीकडं चिखल हाय." त्यानं चिखलाचा फोटो काढला नाही.

सेमिनारात काहीच चांगलं नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. शटर दाबण्याआधी नजर चारही कडांवरून एकदा फिरवून आणा, असं वक्ते म्हणाले. लाखमोलाची गोष्ट. उभे आहात तर एकदा बसून बघा, हेही. पण या दोन्ही गोष्टी बघायला लावतात; काय दिसलं पाहिजे ते सांगत नाहीत. आणि कडा बघा म्हणणाऱ्यानंच कडेवरचा हात बघितल्याबरोबर छाटला, याचं मला अजून वाईट वाटतं.

"तुझं ठीक आहे," मित्र म्हणाला. "वीस वर्षं काढतोयस. नवख्याला काय सांगणार?" रास्त प्रश्न आहे. मी त्याला सांगीन, महिनाभर आपल्याच घरातले फोटो काढ आणि एकही पुसू नकोस. महिन्यानं ते सगळे मांडून बस. छत्तीसच्या रोलमधला एक फोटो भिंतीवर लागतो. उरलेल्या पस्तिसांत तो एक कसा सापडत गेला ते असतं. सेमिनारात ते पस्तीस कोणी दाखवले नाहीत. दाखवले असते तर कळलं असतं की मोठा फोटोग्राफरही आधी चाचपडतो, चुकीच्या जागी उभा राहतो, उशिरा पोचतो. नवख्याला ग्रिडपेक्षा हा धीर जास्त उपयोगी पडेल. मित्राला हे पटलं नाही. त्याचा स्टॉप आला, तो उतरला; पुढच्या महिन्यात 'पोर्ट्रेट'चा सेमिनार आहे, त्याचे पैसे त्यानं आधीच भरले आहेत.

घरी मी दोन्ही फोटो बारा बाय अठरा करून आणले, माझा आणि कापलेला. कापलेला बाबांनी हातात घेतला, "बरा आलाय," म्हणाले आणि खाली ठेवला. दुसरा आईनं घेतला, खिडकीपाशी नेला, चष्मा लावला. मला वाटलं, आता हात बघेल, बांगड्या बघेल, काही तरी म्हणेल. तिनं बोट ठेवलं ते बाबांच्या डोक्यामागे, कालनिर्णयावर.

"हे बघ, चौदा आणि पंधराला दुधाचा खाडा लिहिलाय मी. मग त्यानं पूर्ण एकतीस दिवसांचे पैसे कसे लावले?"

आणि खात्री करायला ती भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं मागे उलटू लागली.